टिळकांपुढचे न्यायाधीश



सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तेव्हा कोर्टाकडे डोळे लावून बसणे आपल्याला नवे नाही. न्यायाधीशांचा विषय निघाला की आपल्याला आधी रामशास्त्री आठवतात. पण राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवून पुणे सोडणारा असा एखादाच. बाकीचे खुर्चीवरच राहतात. सरकार अन्यायी असताना त्या खुर्चीवरून काय करता येते, ते आम्हाला लोकमान्यांच्या खटल्यांत दिसते.

१८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना जामीन मिळावा म्हणून न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींपुढे उभे राहिले बॅरिस्टर दावर. तय्यबजींनी जामीन दिला. १९०८ मध्ये तेच दावर न्यायमूर्ती झाले होते आणि आरोपी पुन्हा टिळक. आता जामीन मागितला बॅरिस्टर जिनांनी, आणि दावरांनी तो नाकारला!

ज्युरीने सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवले, ते दावरांच्या हातात नव्हते, हे मान्य. शिक्षा मात्र त्यांच्याच हातात होती. १२४ अ कलमाखाली नुसता दंड करूनही भागले असते. त्यांनी दोन आरोपांवर तीन-तीन वर्षे, तीही एकामागून एक, असे सहा वर्षांचे काळे पाणी दिले. कायद्याने हात बांधले होते, ही सबब इथे चालत नाही.

पुढची गोष्ट आपल्या गावची. १ मे १९१६ रोजी टिळकांनी बेळगावात होमरूलवर भाषण केले. ते आणि नगरची दोन, अशा तीन भाषणांबद्दल पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने २०,००० रुपयांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. हायकोर्टात न्यायमूर्ती बॅचलर आणि लल्लूभाई शहा यांनी सुटी वाक्ये न उचलता भाषणे सबंध वाचली आणि हुकूम रद्द केला. सरकार तेच, कलमही तेच, उलट १८९८ पासून अधिक कडक झालेले. बॅचलर तर इंग्रज. दोघांपैकी कुणी नोकरी सोडली नाही.

स्वराज्यातही हा प्रसंग आलाच. आणीबाणीत, १९७६ साली, हेबिअस कॉर्पसच्या खटल्यात पाचांपैकी एकटे न्यायमूर्ती खन्ना सरकारविरुद्ध गेले आणि त्यांचे सरन्यायाधीशपद हुकले. आपले यशवंतराव चंद्रचूड बहुमताबरोबर राहिले. २०१७ मध्ये तो निकाल चुकीचा ठरवणाऱ्यांत त्यांचे चिरंजीव धनंजय होते.

१९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागलांनी मुंबई हायकोर्टात, टिळकांना शिक्षा झाली त्या दालनापाशी, त्यांच्या उद्गारांच्या फलकाचे अनावरण केले. मुंबईला जाल तेव्हा मुलांना तो जरूर दाखवा.