मीटर एकदाच, पट्ट्या कायमच्या

रक्तातली साखर मोजायचं मीटर घेताना आपण मीटरचीच किंमत विचारतो. आधी विचारायला हवी पट्ट्यांची! मीटर एकदा घेतलं की झालं. पट्ट्या मात्र सतत लागतात, आणि एका कंपनीच्या पट्ट्या दुसऱ्या कंपनीच्या मीटरला चालत नाहीत. डबीच्या किमतीला पट्ट्यांच्या संख्येने भागा, म्हणजे एका तपासणीचा खर्च कळेल.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ग्लुकोमीटरवरच्या व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली होती. पण दुकानागणिक भाव बदलतो, म्हणून रायपुरातल्या जनऔषधी केंद्रातही चौकशी कराच.

आणि आपला उन्हाळा! मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तर बहुतेक पट्ट्या ३० अंशांपर्यंतच सुरक्षित राहतात. स्कूटरच्या डिकीत डबी अजिबात ठेवू नका. फ्रिजही नको, तिथे ओल धरते. अनेक कंपन्यांच्या पट्ट्या डबी उघडल्यापासून तीन ते सहा महिन्यांत संपवायच्या असतात. आठवड्यातून एकदाच तपासत असाल, तर पन्नासची डबी स्वस्त दिसली तरी महागच पडते. पंचवीसची घ्या, आणि झाकणावर उघडल्याची तारीख लिहून ठेवा.