मृत्यूचे कारण लिहून ठेवावे



आमच्या आजोबांच्या चोपडीत त्यांच्या दोन धाकट्या भावंडांच्या नावांपुढे १९१८ च्या आश्विनातील तिथी असून कारण म्हणून एकच शब्द आहे, ‘ताप’. त्या वर्षी इन्फ्लुएन्झाच्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. परंतु खेड्यापाड्यांत मृत्यूची नोंद करणारा गावकामगार काही वैद्य नव्हता. हिवताप, विषमज्वर, इन्फ्लुएन्झा हे सारे त्याच्या लेखी ‘ताप’च. रोगाला नाव नाही, मग उपाय कशावर करावयाचा?

प्लेगला मात्र नाव होते. १८९७ साली पुण्यात गोरे शिपाई रोगी शोधण्यासाठी घराघरांत शिरू लागले, तेव्हा भयाने लोकांनी रोगी लपविले. त्या जुलमाचा सूड आपल्या चिंचवडच्या चाफेकर बंधूंनी २२ जून रोजी घेतला, हे आपण जाणताच. त्याच साथीत रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च रोजी देह ठेविला. पुढे १८९८ साली कराचीत सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने उंदरांवरील पिसवांमुळे प्लेग पसरतो असे दाखविले. उंदीर पडू लागले की गाव सोडून रानात झोपड्या घालाव्यात, या लोकांच्या वहिवाटीचे मर्म तेव्हा उलगडले. प्लेगवर गुणकारी ठरलेले स्ट्रेप्टोमायसिन तर पुढे आपल्या पिंपरीतच, १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये तयार होऊ लागले.

आज मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावी असा कायदा आहे. डॉक्टर कारणही लिहून देतात. तरी आम्ही ते चारचौघांत सांगत नाही. गतवर्षीच्या स्मरणिकेत आमच्या थोरल्या बंधूंविषयी ‘अल्पशा आजाराने देवाज्ञा झाली’ असे आम्हीच छापविले. ते खरे नव्हते. बारा वर्षांच्या मधुमेहाने त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. आमचे वडीलही त्याच व्याधीने गेले. पण घरात ते कोणी उच्चारिले नाही, म्हणून बंधूंनी वेळीच रक्त तपासून घेतले नाही.

म्हणून आमची विनंती अशी की, घरच्यांच्या संमतीने मंडळाने मृताचे वय व मृत्यूचे खरे कारण नोंदवून ठेवावे. पहिली नोंद आमच्या बंधूंची घ्यावी. आमच्या पुतण्यांना आम्ही तपासणीस पाठविले आहे.