हेब्बाळचा वीरगळ आणि बंगळूरचे दर्शन

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मराठी कुटुंब बंगळूरला जाते तेव्हा त्याच्या खिशात ठिकाणांची एक यादी असते. लालबाग, टिपूचा उन्हाळी महाल, विधानसौध, बसवनगुडीचा मोठा नंदी. विमानतळावरून शहराकडे येताना वाटेत हेब्बाळ लागते. एका बाजूला तलाव आणि समोर उड्डाणपुलाचे वेटोळे, एवढीच त्याची ओळख पाहुण्याला होते. वाहने खोळंबलेली असतात, मुले कंटाळलेली असतात आणि हेब्बाळ कधी एकदा मागे पडते असे सर्वांना झालेले असते. तथापि बंगळूरच्या परिसरात आजवर सापडलेला सर्वांत जुना कन्नड शिलालेख याच हेब्बाळचा आहे.

२०१८ साली हेब्बाळ गावठाणात गटाराच्या कामासाठी खोदकाम चालू असताना एक कोरीव शिळा हाती लागली. शहराचे जुने शिलालेख धुंडाळणाऱ्या हौशी अभ्यासकांपर्यंत वार्ता पोहोचली, लेख वाचला गेला आणि शिळेचे मोल उमगले. काळ इसवी सन ७५० च्या आसपासचा. राज्य पश्चिम गंग घराण्यातील श्रीपुरुष राजाचे. ‘पेर्बोळलनाडू’ या मुलखातील कित्तय्या नावाचा वीर लढता लढता पडला आणि इंद्रलोकी गेला, असा त्या लेखाचा आशय. बंगळूरची ओळख पुष्कळदा १५३७ पासून सांगितली जाते, कारण त्या साली केंपेगौडाने तेथे किल्ला व पेठ वसवली. बेगूरच्या मंदिरातील वीरगळावर ‘बेंगळूरु’ हे नाव येते, तोही नवव्या शतकाच्या अखेरीचा. कित्तय्या त्याहूनही शंभरावर वर्षांनी वडील ठरतो. बरे, तो राजा नव्हे, सेनापतीही नव्हे. गावासाठी मेलेला एक माणूस; त्याचे नाव पावणेतेराशे वर्षे दगडाने जपले आणि गटाराच्या एका चरामुळे ते पुन्हा उजेडात आले. शिळा फुटून भरावात गेली असती तर तो कोणाच्याही खिजगणतीत नसता.

पेर्बोळल या नावातच हेब्बाळ दडलेले आहे. जुन्या कन्नडमधील शब्दारंभीचा ‘प’ पुढे ‘ह’ झाला. ‘पाल्’ म्हणजे दूध, त्याचे ‘हालु’ झाले. ‘पुलि’ म्हणजे वाघ, त्याचे ‘हुलि’ झाले. त्याच चालीने ‘पेर्’ म्हणजे थोर किंवा मोठा, याचे ‘हे’ झाले. बसच्या पाटीवर आज दिसणारे नाव हे असे आठव्या शतकातून झिजत झिजत आलेले आहे.

मराठी माणसाने या शिळेपुढे थोडे अधिक थांबावे, याला कारण आहे. अभ्यासकांच्या वाचनानुसार कित्तय्याची ती झुंज राष्ट्रकूटांच्या बाजूच्या लोकांशी झाली. वेरूळचे कैलास लेणे घडवले ते हेच राष्ट्रकूट. कैलासासमोर उभे राहून मराठी मन अभिमानाने भरून येते आणि ते योग्यच आहे. मात्र त्याच सत्तेचे हात दूरवरच्या एका खेड्यापर्यंत पोहोचले तेव्हा तेथे काय घडले, याची नोंद हेब्बाळच्या दगडावर आहे. इतिहासाची ही दुसरी बाजू पाठ्यपुस्तकात क्वचितच भेटते. याच गंग घराण्याचा मंत्री चामुंडराय याने श्रवणबेळगोळची गोमटेश्वराची मूर्ती उभारली, आणि तिच्या पायथ्याशी जुन्या मराठीतील प्रसिद्ध ओळी कोरलेल्या आहेत. कन्नडच्या अंगणात मराठीची इतकी जुनी अक्षरे सापडावीत, हे दोन्ही भाषांचे भाग्य.

हेब्बाळहून शहराकडे निघाले की मेखरी सर्कलजवळ केंपेगौडाच्या चार बुरुजांपैकी उत्तरेचा बुरूज लागतो. बाकीचे तीन लालबागेच्या खडकावर, हलसूर तलावाकाठी आणि केंपांबुधी तलावापाशी. नगराची वाढ या चार खुणांपलीकडे जाऊ नये असा संकेत होता, असे लोक सांगतात. नगराने तो केव्हाच धुडकावला. हेब्बाळच्या कृषिविद्यापीठाचा उल्लेखही करायला हवा. १८९९ साली म्हैसूर संस्थानच्या राजप्रतिनिधी महाराणींनी दिलेल्या ३० एकर जमिनीवरील प्रयोगशेतीतून त्याचा उगम झाला.

आता मल्लेश्वरम्. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे या मुलखात आले, आणि केंपेगौडाच्या वंशजाकडून घेतलेले बंगळूर पुढे त्यांच्या जहागिरीचे ठाणे झाले. बाल शिवाजीराजे मातोश्री जिजाऊंसह १६४० च्या सुमारास येथे येऊन राहिले. शहाजीराजांच्या दरबारातील वैभव आणि अनेक भाषांतील कवींचा मेळा जयराम पिंड्ये यांनी ‘राधामाधवविलासचंपू’ मध्ये वर्णिला आहे. तो ग्रंथ इतिहासाचार्य राजवाडे यांनी संपादून प्रसिद्ध केला. मराठी प्रवासी बंगळुरात शहाजीराजांच्या वाड्याचा ठावठिकाणा विचारतात आणि निराश होतात, कारण त्याचा मागमूस उरलेला नाही.

उरले आहे ते काडु मल्लेश्वराचे मंदिर. ‘काडु’ म्हणजे रान, रानातला मल्लिकार्जुन. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी १६६९ मध्ये या देवस्थानास एक गाव इनाम दिले. त्याचा शिलालेख आहे आणि तो कन्नडमध्ये आहे. भोसल्यांच्या घरातील राजाने रयतेच्या भाषेत दान कोरवले. भाषेवरून हमरीतुमरीवर येणाऱ्या आजच्या मंडळींनी एकदा तरी तेथवर जाऊन यावे. पुढे व्यंकोजीराजे तंजावरास स्थिरावले, बंगळूरवरील भोसल्यांचा ताबा सुटला आणि १६८७ मध्ये मोगल सरदार कासीमखानाने ते घेऊन म्हैसूरच्या चिक्कदेवराजाच्या स्वाधीन केले. तीन लाख रुपयांच्या त्या सौद्याची कथा निराळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

व्यंकोजीराजांच्या त्या लेखाची नोंद बी. एल. राइस यांनी १९०५ साली प्रसिद्ध केलेल्या बंगळूर जिल्ह्याच्या शिलालेखसंग्रहात आहे. मात्र त्या संग्रहातील कित्येक शिळा आज जागेवर सापडत नाहीत. कोठे घराच्या पायात गेल्या, कोठे रस्त्याखाली. अलीकडे मिथिक सोसायटीच्या आश्रयाने उरलेल्या शिळांची त्रिमितीय छायांकने करून ठेवण्याचे काम चालले आहे. अक्षरे झिजली तरी वाचन शाबूत राहावे हा हेतू. हेब्बाळच्या लोकांनी कित्तय्याच्या शिळेसाठी स्वतः पुढाकार घेऊन मंडप उभारला, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

मराठी घरांतील कितीतरी मुले-मुली आज नोकरीनिमित्त हेब्बाळच्याच आसपास राहतात, आणि त्यांना भेटायला आईवडील जात असतात. त्या मुक्कामात एक सकाळ या गावठाणासाठी राखून ठेवता येईल. उड्डाणपुलाखालून गल्ल्यांत शिरल्यावर मंडपाचा पत्ता विचारावा लागतो. कन्नड येत नसेल तरी अडत नाही. ‘कल्लु’ म्हणजे दगड. वीराचा दगड तो ‘वीरगल्लु’, आणि मराठीतला ‘वीरगळ’ आला तो तेथूनच. कित्तय्याचे नाव घेऊन तेवढा एक शब्द उच्चारला की समोरचा बोट दाखवतो.