परदेशी शाळा आणि शिक्षक-दांपत्य
(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

आदिलाबाद जिल्ह्यातील बोथ या गावी राहणारे एक शिक्षक-दांपत्य कल्पनेत आणावे. पती गणित शिकवितात, पत्नी प्राथमिक वर्गांना शिकविते. दोघांचे शिक्षण पूर्ण, दोघांच्या गाठी आठ-दहा वर्षांचा अनुभव, पदरी एक मूल आणि घरी वृद्ध आईवडील. फाल्गुनातील एका संध्याकाळी पतींना आखातातील एका शाळेचे पत्र येते. गणिताच्या शिक्षकाची जागा निश्चित आहे, राहण्यास घर मिळेल, दोन वर्षांचा करार होईल, असे त्यात लिहिलेले असते. पत्नीनेही अर्ज केलेला होता. तिच्याविषयी पत्रात एकच वाक्य असते : तूर्त जागा नाही, येथे आल्यावर विचार करू. पत्र वाचून झाल्यावर ती विचारते, “तुम्ही तेथे गणित शिकवाल, मी काय करायचे?”

हे दांपत्य काल्पनिक असले तरी हा प्रश्न काल्पनिक नाही. परदेशी नोकरीचा विचार करणाऱ्या पुष्कळ शिक्षक-दांपत्यांपुढे तो आज उभा आहे. पगार किती, शिल्लक किती पडेल, हवामान सोसेल का, हे प्रश्न सर्वजण विचारतात आणि त्यांची उत्तरेही मिळतात. परंतु दोघे शिक्षक म्हणून जाणार, की एक शिक्षक म्हणून आणि दुसरे केवळ त्याच्या कुटुंबातील माणूस म्हणून जाणार, हा प्रश्न बहुधा शेवटी विचारला जातो. वास्तविक तो पहिला असावयास हवा.

बोथच्या माणसाला परप्रांत ही गोष्ट नवी नाही. किंबहुना त्याला गाव न सोडताच परप्रांताचा अनुभव आलेला आहे. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानात हा सारा मुलूख एकत्र होता. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा किनवट व राजुरा हे दोन तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूरचे मंडळ मराठी मुलखाकडे गेले. बोथ मात्र आंध्र प्रदेशात राहिले आणि २०१४ पासून ते तेलंगणात आहे. माहेर किनवटकडे आणि सासर बोथला, अशी कितीतरी घरे येथे आहेत. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, बाजारात या दोहोंच्या जोडीला दखनी व गोंडी, हा येथला नित्याचा व्यवहार होय. त्याच १९५६ सालच्या घटनादुरुस्तीने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे कलम राज्यघटनेत आले. आदिलाबाद जिल्ह्यात आजही मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. येथल्या शिक्षकाला दुसऱ्या भाषेच्या मुलांत वावरण्याची जी सवय असते, ती परदेशी शाळेत मोठे भांडवल ठरते.

आता या शाळा असतात तरी कशा? स्थूलमानाने त्यांचे तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचा. आखाती देशांत राहणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी त्या निघाल्या असून त्यांपैकी पुष्कळ शाळा दिल्लीच्या केंद्रीय माध्यमिक मंडळाशी संलग्न आहेत. दुसरा प्रकार ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळांचा. तिसरा प्रकार ज्यांना खऱ्या अर्थाने आंतरराष्ट्रीय म्हणावे अशा शाळांचा. राष्ट्रसंघाच्या नोकरवर्गाच्या मुलांसाठी जिनीव्हा येथे १९२४ मध्ये जी शाळा निघाली, ती या परंपरेतील आद्य शाळांपैकी एक. बदल्यांमुळे देशोदेशी फिरणाऱ्या मुलांना कोठेही मान्य होईल अशी परीक्षा असावी, या गरजेतून पुढे १९६८ मध्ये जिनीव्हातच इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट ही संस्था स्थापन झाली.

भारतीय बी.एड. पदवीला पहिल्या प्रकारच्या शाळांत सरळ किंमत असते. इतर दोन प्रकारांत इंग्रजीतून शिकविल्याचा अनुभव पाहतात आणि पुष्कळदा ब्रिटिश अर्हता मागतात. इंग्लंडच्या सरकारने फेब्रुवारी २०२३ पासून भारतातील शिक्षकांनाही तेथील शिक्षक-अर्हतेसाठी अर्ज करण्याची वाट मोकळी केली. तथापि ती अकरा ते सोळा वर्षांच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकविणाऱ्यांपुरतीच आहे. म्हणजे आपल्या कल्पनेतील पतींना ही वाट खुली आहे, पत्नीला नाही. एकाच घरातील दोन शिक्षकांची किंमत बाजारात अशी वेगवेगळी होते, आणि ती गुणांवरून होतेच असे नाही.

पुष्कळ शाळांना शिक्षक-दांपत्य हवे असते, हेही ध्यानात ठेवावे. त्याचे कारण व्यवहारी आहे. दोन शिक्षकांना दोन घरे द्यावी लागतात, दांपत्याला एक पुरते. एकटा माणूस कंटाळून परत येण्याचा संभव अधिक, जोडपे टिकून राहते. दोन्ही जागा आधीच नक्की असतील तर शाळेला एका निवडीत दोन शिक्षक लाभतात. तेव्हा पत्नीने किंवा पतीने आपलीही नेमणूक मागणे म्हणजे याचना करणे नव्हे; त्यात शाळेचाही लाभ आहे. परंतु ही मागणी करार होण्यापूर्वी करावी लागते. सही झाल्यावर आणि घर मोडून तेथे पोहोचल्यावर ती मागणी राहत नाही, विनंती होते.

“येथे आल्यावर विचार करू” या शब्दांचा अर्थ नीट समजून घ्यावा. अनेक देशांत कुटुंबीय म्हणून मिळालेल्या परवान्यावर नोकरी करता येत नाही. नोकरी मिळाली तर काम करण्याचा निराळा परवाना घ्यावा लागतो. तोवर बोथला ज्या स्त्रीला गावातली निम्मी मुले ‘बाई’ म्हणून हाक मारीत होती, ती परक्या शहरातील सदनिकेत पतीच्या येण्याची वाट पाहत बसते. घरात पैसा येत असतो. पण घरातले एक माणूस दिवसेंदिवस अबोल होत जाते. हाच प्रसंग पत्नीला नेमणूक मिळून पतीला न मिळाल्यास पतीवरही येतो, आणि आपल्या समाजात तो त्याला अधिकच बोचतो.

जोडप्याने परक्या मुलखात जाऊन काम करण्याचे एक मोठे उदाहरण या जिल्ह्यातच आहे. मात्र त्याची दिशा उलटी आहे. व्हिएन्नात जन्मलेले मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ आणि त्यांची इंग्रज पत्नी एलिझाबेथ, म्हणजेच बेट्टी, हे दोघे १९३९ मध्ये भारतात असताना महायुद्ध सुरू झाले. ते जर्मन पारपत्रावर आलेले असल्याने सरकारने त्यांना हैदराबाद संस्थानात राहण्यास सांगितले. पुढे ते आदिलाबादच्या डोंगरात, मारलवाई या गोंडांच्या गावी, झोपडीत राहिले. १९४३ मध्ये तेथे गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र सुरू झाले. गोंडी भाषेतील वाचनमाला त्यासाठी देवनागरी लिपीत तयार झाल्या. मराठीचे इतिहासकार सेतुमाधवराव पगडी हेही त्या काळी संस्थानच्या सेवेत या भागात अधिकारी होते आणि त्यांनी गोंडीचा अभ्यास केला.

या कामात पद आणि पुस्तकांवरील नाव हायमेनडॉर्फ यांचे होते. बेट्टीकडे पद नव्हते. पण त्या केवळ पतीबरोबर आलेल्या बाई नव्हत्या. भटकंतीत, टिपणे काढण्यात, गावच्या बायकांशी बोलण्यात त्यांचा वाटा होता, आणि पुढे दक्षिण आशियाविषयीच्या मानवशास्त्रीय लेखनाची मोठी सूची त्यांनी स्वतःच्या नावाने सिद्ध केली. जानेवारी १९८७ मध्ये हैदराबादेत त्यांचा अंत झाला आणि मारलवाईत त्यांचे दफन झाले. पतींचा मृत्यू १९९५ मध्ये लंडनला झाला. त्यांचे अवशेषही पुढे मारलवाईला आणण्यात आले. परक्या गावाने त्या दोघांना आपले म्हटले, कारण दोघांनाही त्या गावात करण्यासारखे काम होते. पद नसतानाही असे काम सापडले, हे खरे; परंतु ज्या शाळेत कराराशिवाय वर्गात पाऊल टाकता येत नाही, तेथे कामाची सोय आधीच करून घ्यावी लागते.

दोघांनाही एकाच शाळेत नेमणूक मिळाली म्हणजे सर्व चिंता मिटल्या, असे मात्र समजू नये. त्यातून दुसरी चिंता उत्पन्न होते. शाळा अडचणीत आली तर दोन्ही पगार, राहते घर आणि मुलाची शाळा ही एकाच दिवशी जातात. हे भय पोकळ नाही. सम्राट हेले सेलासी यांच्या काळी इथिओपियातील शाळांत भारतातून गेलेले शिक्षक मोठ्या संख्येने होते. १९७४ च्या क्रांतीनंतर ते दिवस पालटले. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत व्यापला, तेव्हा सुमारे १,७०,००० भारतीयांना तेथून मायदेशी आणावे लागले. २०२० च्या साथीत आखातातील अनेक खाजगी शाळांनी पगार कमी केले. म्हणून काही महिन्यांचा खर्च भागेल इतकी रक्कम मायदेशी बाजूला ठेवल्याशिवाय दांपत्याने निघू नये.

कागदपत्रांची बाबही दांपत्याच्या दृष्टीने निराळी आहे. पदव्यांबरोबर विवाहाचा दाखलाही प्रमाणित करून लागतो, आणि प्रमाणीकरण सामान्यतः तो कागद ज्या राज्यात निघाला तेथून सुरू होते. बोथच्या घरात पतींची पदवी वारंगळच्या काकतीय विद्यापीठाची, पत्नीची नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाची आणि लग्न किनवटला झालेले, असे सहज असू शकते. मग एका पेटीतील कागदांसाठी हैदराबाद आणि मुंबई अशा दोन राजधान्यांच्या फेऱ्या येतात. लग्नाची नोंदच झालेली नसेल तर तेथूनच आरंभ करावा लागतो. ओमान, बहरीन व सौदी अरेबिया हे देश अपोस्टिल नावाच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राच्या करारात आहेत; संयुक्त अरब अमिराती मात्र त्यात नाहीत, त्यामुळे तेथे वकिलातीचा शिक्का निराळा घ्यावा लागतो. मध्यस्थामार्फत जावयाचे असेल तर तो १९८३ च्या परदेशगमन कायद्याखाली नोंदलेला आहे की नाही, हे पाहून घ्यावे.

पैशाचा हिशेबही दोन बाजूंनी मांडावा. आखातात पगारावर प्राप्तिकर नाही, वर्षाकाठी प्रवासखर्च मिळतो, पुष्कळ शाळा शिक्षकांच्या मुलांची फी माफ करतात. अमिरातीत वर्षभर नोकरी झाल्यावर सोडताना पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांच्या मूळ वेतनाइतकी रक्कम मिळते. दुसऱ्या बाजूस, येथली कायम नोकरी असेल तर तिचे काय करावयाचे ते ठरवावे लागते. सरकारी शिक्षकाने रजा आणि पूर्वपरवानगी लेखी हाती आल्याशिवाय तिकीट काढू नये. राजीनाम्याने तुटलेली सेवाज्येष्ठता कितीही रक्कम शिल्लक पडली तरी परत विकत मिळत नाही.

राहता राहिले घरातील वडीलधारे आणि मूल. यांचे मत घेणारा रकाना कोणत्याही अर्जात नसतो. आईवडिलांची प्रकृती बिघडली तर कोण येणार, दोघांपैकी कोणाच्या करारात मध्येच येण्याची सोय आहे, भावंडांपैकी कोणी जबाबदारी घेतली आहे, हे स्पष्ट बोलून ठेवावे. भिडेपोटी न बोललेली गोष्ट पुढे दूरध्वनीवर भांडण होऊन बाहेर पडते. मुलाच्या बाबतीत भाषेचा विचार करावा. मॉरिशससारख्या देशात शाळेत मराठी शिकविली जाते. इतरत्र बहुधा ती घरीच शिकवावी लागते. आईबाप दोघेही शिक्षक असताना मुलाला मराठी वाचता येऊ नये, ही लाजिरवाणी गोष्ट होईल. पण दिवसभर इतरांची मुले शिकवून थकलेल्या आईबापांच्या घरी ती घडते खरी.

मग त्या पत्राला उत्तर काय द्यावे? दांपत्याने ते दोघांच्या सहीने द्यावे. पत्नीची जागा कोणत्या वर्गासाठी, कोणत्या तारखेपासून आणि किती वेतनावर, हे शाळेने लेखी कळवावे, असे त्यात असावे. जागा खरोखरच नसेल तर पुढच्या वर्षीच्या निवडीसाठी दोघांची नावे ठेवण्याची विनंती करावी आणि मधल्या वर्षात पत्नीने इंग्रजीतून शिकविण्याचा अनुभव घ्यावा. एक वर्ष थांबल्याने संधी जाईल ही भीती खरी आहे. परंतु शाळांना शिक्षक दरवर्षी लागतात. आणि एवढे करूनही एकट्याच्याच नेमणुकीवर जाण्याचे ठरले, तर दोघांनी मिळून परतण्याची तारीख आधी लिहून ठेवावी. ती पुढे बदलता येईल, पण दोघांच्या संमतीने.

बोथमध्ये जूनच्या मध्यास शाळा उघडतील. त्या दिवशी ते दांपत्य वर्गात असेल किंवा पारपत्र कार्यालयाच्या रांगेत असेल. कोठेही असले तरी, “मी काय करायचे?” या प्रश्नाचे उत्तर तोपर्यंत दोघांच्याही हाती कागदावर असावे.