जुनी नाणी, परदेशी गिऱ्हाईक आणि टपालाची वाट



गोव्यातील पुष्कळ जुन्या घरांत आजोबांच्या पेटीच्या तळाशी पोर्तुगीज अमदानीतील नाणी अद्याप सापडतात. दों लुईश राजाचे मुखचित्र असलेला १८८१ चा चांदीचा रुपया, १९३५ चा रुपया, आणि त्यांच्या सोबतीला १८७१ पासून निघालेली पोर्तुगीज हिंदुस्थानची टपाल तिकिटे. अशा वस्तूंना पोर्तुगालमध्ये, युरोपात व अमेरिकेत हौशी संग्राहक असतात. पूर्वी त्यांच्यापर्यंत पोहोचणे सामान्य माणसास शक्य नव्हते. आज मोबाईलवर छायाचित्र टाकले की परदेशातून मागणी येऊ शकते. मात्र ही वाट सरळ नाही, आणि तिच्या आरंभीच कायद्याची चौकी आहे.

१९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे पुरावशेष ठरू शकते. ऐतिहासिक मूल्याच्या हस्तलिखितास वा दस्तऐवजास ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. पुरावशेषाची खासगी निर्यात निषिद्ध असून अपराध्यास किमान सहा महिने व कमाल तीन वर्षे कारावास आणि दंड होऊ शकतो. म्हणजे १९३५ चा रुपया आज या मर्यादेबाहेर आहे, तर १८८१ चा तिच्या आत येतो. एकाच पेटीतील दोन नाण्यांची ही स्थिती! वयाविषयी शंका असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून वस्तू पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. शेतात नांगराला लागलेल्या नाण्यांची गोष्ट तर निराळीच. १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये दहा रुपयांहून अधिक मोलाचा असा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे सापडणाऱ्याचे कर्तव्य होय.

आता विश्वासाचा प्रश्न. आपल्याकडे १८७७ पासून व्ही. पी. ची सोय झाली. पोस्टमन पैसे घेऊनच पुडके हाती देई; त्यामुळे अनोळखी दुकानदार व अनोळखी गिऱ्हाईक यांचा व्यवहार निभावून जाई. पोस्टमनचे हे मध्यस्थाचे काम आता बव्हंशी संकेतस्थळांनी उचलले आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत पिअर ओमिद्यार यांनी सुरू केलेल्या, पुढे ईबे या नावाने प्रसिद्ध झालेल्या बाजारात पहिली विकली गेलेली वस्तू एक मोडका लेसर दिवा होती, किंमत १४.८३ डॉलर. मोडक्या वस्तूलाही गिऱ्हाईक असते, ते असे. १९९६ पासून तेथे खरेदीदार व विक्रेते एकमेकांविषयी अभिप्राय नोंदवू लागले. २००८ मध्ये विक्रेत्याचा खरेदीदाराविरुद्ध प्रतिकूल अभिप्राय देण्याचा अधिकार मात्र काढून घेण्यात आला. तेव्हापासून तराजूचे पारडे खरेदीदाराकडे झुकले आहे, हे विक्रेत्याने आधीच ओळखून असावे.

समजा, म्हापशाच्या एका निवृत्त शिक्षकाने १९३५ चा रुपया परदेशी विकला. पैसे खात्यात दिसले, नाणे रवाना झाले. तीन आठवड्यांनी गिऱ्हाईक म्हणते, नाणे वर्णनाप्रमाणे नाही. आणि परत पाठविते ते झिजलेले, भलतेच नाणे. पेपाल या सेवेत अशी तक्रार १८० दिवसांपर्यंत करता येते. शिक्षकापाशी पाठविण्यापूर्वीची दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे, ग्रॅममधील वजन, व्यास व पुडके बांधतानाचे चित्रीकरण असेल तरच त्यांच्या म्हणण्याला आधार राहतो. दुसरा डाव पत्त्याचा. पैसे भरल्यावर गिऱ्हाईक गोड शब्दांत लिहिते की, वस्तू आपल्या भावाच्या पत्त्यावर धाडावी. व्यवहारात नोंदलेल्या पत्त्याव्यतिरिक्त अन्यत्र पाठविलेल्या वस्तूस विक्रेत्याचे संरक्षण मिळत नाही. वस्तूही जाते, पैसेही जातात.

तिसरी विनंती वरवर निरुपद्रवी भासते: ‘भेटवस्तू म्हणून लिहा, किंमत कमी दाखवा.’ ही सीमाशुल्क घोषणापत्रातील खोटी माहिती होय. शिवाय पुडके हरवल्यास भरपाई घोषित किमतीच्या मर्यादेतच मिळणार! आंतरराष्ट्रीय टपाल करारात विमा न उतरविलेल्या टपालातून नाणी व चलनी नोटा पाठविण्यास सर्वसाधारण मनाई आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. ज्या देशी पाठवायचे तेथील निर्बंध व विम्याची सोय टपाल कचेरीत आधी विचारावी, आणि मगच विक्रीची जाहिरात करावी. नंतर विचारून उपयोग नसतो. व्यापारी निर्यातीस आयात-निर्यात संकेतांक लागतो. २०२२ पासून टपाल खात्याने डाकघर निर्यात केंद्रे उघडली असून तेथे घोषणापत्र संगणकावर भरता येते.

नियम अचानक बदलतात, हेही ध्यानात असू द्यावे. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून घेतली. भारतीय टपाल खात्यास २५ ऑगस्टपासून तिकडील बहुतेक टपालाची नोंदणी थांबवावी लागली, ती १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली. त्या काळात विक्री करून बसलेल्यांना गिऱ्हाइकाची समजूत घालणे वा पैसे परत करणे, एवढेच हाती उरले.

खेड्यापाड्यांत मात्र फसवणूक बहुधा वस्तू घराबाहेर पडण्याआधीच होते. जुन्या नाण्याला लाखो रुपये देऊ, असा निरोप येतो; मग नोंदणी शुल्क, कर, दलाली अशी एकेक रक्कम मागितली जाते. रिझर्व्ह बँकेचे बोधचिन्ह लावलेले बनावट पत्रही दाखविले जाते. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले की, ती अशा व्यवहारांत पडत नाही, शुल्क वा दलाली मागत नाही आणि तसा अधिकारही तिने कोणाला दिलेला नाही. यूपीआयवर पैसे मिळविण्यासाठी गुप्त क्रमांक द्यावा लागत नाही. तो मागितला गेला की पैसे आपल्या खात्यातून जाणार, असे समजावे. रक्कम गेलीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. शरमेने दोन दिवस गप्प बसणाऱ्याचे पैसे तोवर चार खात्यांतून पुढे निघून गेलेले असतात.