सहल आखताना आधी आईंना विचारा

मागच्या खेपेला मी जर्मनीहून आल्याचं सांगितलं, तेव्हापासून तुमच्यापैकी बऱ्याच जणी विचारताहेत, ‘आमचाही मुलगा तिकडे आहे, आम्हीही जाणार आहोत, गाडीनं फिरायचं तर काय काय बघायचं?’ म्हणून आजचं बोलणं त्यावरच. पण काय बघायचं हे मी शेवटी सांगणार आहे. आधी आमचं काय चुकलं ते ऐका.

आमचा मुलगा आणि सून दक्षिण जर्मनीत श्टुटगार्टला राहतात. मोटारी बनवणाऱ्या कारखान्यांचं हे शहर. आपल्या मुंबईशी त्याचं १९६८पासून भगिनी-शहराचं नातं आहे. गेल्या जूनमध्ये आम्ही तिघं त्यांच्याकडे गेलो. मी, आमचे हे आणि माझ्या सासूबाई. सासूबाईंना मी आईच म्हणते. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. तिकडची चार वर्षांची नात धरून आम्ही सहा जण झालो. मुलाला पाच दिवसांची रजा मिळणार होती. त्या पाच दिवसांत गाडी घेऊन सगळ्यांनी एकत्र फिरायचं ठरलं. एवढ्या सगळ्यांची मिळून ही पहिलीच सहल.

आखणी माझ्याकडे आली. नोकरीत असताना मी ऑफिसच्या सहली आखायची, तेव्हा मला वाटलं, यात काय अवघड! दोनशे पानी वही घेतली, नकाशा समोर ठेवला आणि लिहीत सुटले. हायडेलबर्ग, बाडेन-बाडेन, ब्लॅक फॉरेस्ट, लिंडाऊचं सरोवर, नॉयश्वानस्टाईनचा राजवाडा, म्युनिक, न्यूरेंबर्ग, रोथेनबुर्ग, उल्म. पाच दिवसांत नऊ ठिकाणं! रोज सकाळी सातला निघायचं, रोज नवा मुक्काम. यांना तर यादी एवढी आवडली, की त्यांनी दहावं ठिकाण सुचवलं.

रात्री जेवणं झाल्यावर मी सगळ्यांसमोर यादी वाचली. आई शांतपणे ऐकत होत्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, “छान आहे. तुम्ही सगळे जाऊन या. मी घरीच राहते.”

आम्ही सगळे म्हणालो, “अहो, असं काय? तुमच्यासाठी तर आखतोय!” त्या म्हणाल्या, “गुडघे दुखतात गं.” विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघीच भाजी निवडत बसलो होतो. मी पुन्हा विचारलं, “आई, खरंच गुडघ्यांमुळे नाही म्हणताय का?” बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मला घडीघडी बाथरूमला जावं लागतं. तो पोरगा गाडी सुसाट नेणार. मी किती वेळा थांब म्हणू त्याला?”

मैत्रिणींनो, मी बत्तीस वर्षं त्यांच्याबरोबर राहिले आहे. लग्नांना गेलो, देवदर्शनाला गेलो, एसटीनं गेलो, रेल्वेनं गेलो. प्रवासाच्या दिवशी आई सकाळपासून पाणी पीत नाहीत हे मी बत्तीस वर्षं बघत आले. मला वाटायचं, त्यांना तहानच कमी लागते. त्या दिवशी कळलं, की मेहकरहून माहेरची एसटी धरायच्या तेव्हापासूनची ती सवय आहे. वाटेत जायची सोय नसायची, म्हणून प्यायचंच नाही. आता माझंही वय झालंय. खरं सांगायचं तर मीही तेच करते. तुमच्यातल्याही कितीतरी जणी करत असतील. आणि डॉक्टर काय सांगतात ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पाणी न पिता तासन्‌तास बसलं, की लघवीची जळजळ, जंतुसंसर्ग, उतारवयात चक्कर. पण याबद्दल आपण घरात बोलत नाही.

त्या रात्री मी वहीतली ती पानं फाडली आणि नवीन पान सुरू केलं. वर ठिकाणांची नावं लिहिली नाहीत, माणसांची लिहिली. प्रत्येकाला कशाची गरज आहे ते नावापुढे लिहिलं. आईंना सव्वा तासानं थांबा, मुक्कामाला कमी पायऱ्या आणि शाकाहारी जेवण. नातीला गाडी लागते, तिला दुपारी झोप हवी. सुनेनं सांगितलं, “मला रोज सामान बांधायला लावू नका.” यांना ऑटोबानवरून जायचं होतं. मग मुलानं नकाशा काढला आणि विचारलं, “आजी, तुला काय बघायचंय?”

आई म्हणाल्या, “मला काय ठाऊक तुमच्याकडे काय असतं!” मुलगा एकेक सांगत गेला. सांगता सांगता म्हणाला, “एक गाव आहे, नॉर्डलिंगेन. आकाशातून उल्का पडून मोठा खड्डा झाला, त्या खड्ड्यात वसलंय.”

आई एकदम सरसावून बसल्या. “म्हणजे आपल्या लोणारसारखं?”

मेहकर-लोणार हा त्यांच्या माहेरचा भाग. लहानपणी वडिलांबरोबर लोणारला जाऊन धारेखाली अंघोळ करायची, दैत्यसूदनाच्या देवळात जायचं आणि लवणासुराची गोष्ट ऐकायची, हे सगळं त्यांनी आम्हाला पुष्कळदा सांगितलेलं. आपलं लोणार सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंद आहे. नॉर्डलिंगेनचा तो खड्डा सुमारे चोवीस किलोमीटर रुंद, जवळपास दीड कोटी वर्षांपूर्वीचा. शेतं, खेडी, अख्खं गाव त्यात मावलंय. आई म्हणाल्या, “ते मला दाखवा. बाकी तुम्ही म्हणाल तसं.”

मग आमची आखणी अशी झाली. पाच दिवस, दोनच मुक्काम, तीन गावं. शनिवारी नॉर्डलिंगेन, तिथे दोन रात्री. सोमवारी वाटेत डिंकेल्सब्यूल बघून रोथेनबुर्गला, तिथे दोन रात्री. बुधवारी घरी परत. ही तिन्ही गावं ‘रोमँटिक रोड’ या रस्त्यावर आहेत. व्युर्त्सबुर्गपासून आल्प्सच्या पायथ्याच्या फ्युसेनपर्यंत जाणारा हा रस्ता १९५०मध्ये पर्यटकांसाठी नावारूपाला आणला. तो सगळा करायच्या फंदात पडू नका, चारशे किलोमीटरच्या वर आहे. एकेका गावात अर्धा-पाऊण तासाचं अंतर असलेला मधला तुकडा आमच्यासारख्यांना पुरे. यांचा राजवाडा राहिला. तिथे चढ आहे, पायऱ्या आहेत आणि ठरावीक वेळेचं तिकीट असतं. उल्म मात्र त्यांनी नंतर एक दिवस मुलाबरोबर रेल्वेनं जाऊन पाहिलं. १६१ मीटर उंच मनोऱ्याचं चर्च आहे तिथे, वर जायला ७६८ पायऱ्या. आइनस्टाईनचं जन्मगावही तेच.

आता लिहून घ्यायच्या गोष्टी सांगते. वही-पेन घ्या.

पहिली गोष्ट, गाडी. सहा माणसं म्हणजे सात सीटची गाडी घ्यावी लागते. पण मागची रांग उघडली, की सामानाला जागा उरत नाही, हे आम्हाला गाडी दारात आल्यावर कळलं. म्हणून माणशी एकच लहान बॅग. वयस्कर माणसाला मधल्या रांगेत दाराशी बसवा, तिसऱ्या रांगेत चढता-उतरता येत नाही. बारा वर्षांखालचं आणि दीड मीटरपेक्षा कमी उंचीचं मूल असेल, तर त्याला वेगळी सीट लागते. मांडीवर घेऊन बसणं तिकडे चालत नाही. गाडी भाड्यानं घेताना ही सीट आधीच मागून ठेवा. आणि गिअर हातानं टाकायचे नसतील, तर तेही आधीच सांगा.

दुसरी, गाडी चालवणं. मुलानं आणि सुनेनं आलटून पालटून चालवली. यांनी पुण्याहून आरटीओचं आंतरराष्ट्रीय परमिट काढून नेलं होतं. पण तिकडे वाहतूक उजव्या बाजूनं आणि स्टिअरिंग डावीकडे. कॉलनीत एक फेरी मारल्यावर ते स्वतःच म्हणाले, “मी नकाशा बघतो.” तुमच्या घरचं कोणी चालवणार असेल, तर दोन नियम पाठ करा. ऑटोबानवर उजवीकडून ओव्हरटेक करायचं नाही. आणि गाड्या तुंबल्या, की सगळ्यात डावी रांग डावीकडे सरकते, बाकीच्या उजवीकडे, म्हणजे मधून रुग्णवाहिकेला वाट राहते. रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू यायची वाट बघायची नाही, गाड्या तुंबायला लागल्या की लगेच सरकायचं. काही ठिकाणी वेगाला मर्यादा नसली, तरी १३०च्या आत राहावं असं तिथलं सरकारच सुचवतं. मोटारीला जर्मनीत टोल नाही. शेजारच्या ऑस्ट्रियात गेलात, तर तिथल्या महामार्गाचा पास लागतो.

तिसरी गोष्ट, जिच्यासाठी मी आज बोलायला बसले. थांबे. मोठ्या हायवेवर पेट्रोल पंपाशेजारी स्वच्छ स्वच्छतागृहं असतात, साधारण एक युरो पडतो. आईंच्या बटव्यात मी सुटी नाणी घालून ठेवली होती, म्हणजे कोणाकडे मागायला नको. गावांमध्ये काही हॉटेलांच्या दारावर ‘नेटे टॉयलेट’ असं स्टिकर दिसतं. त्याचा अर्थ ‘आमचं स्वच्छतागृह खुशाल वापरा, इथे काही खाल्लं-प्यायलं पाहिजे असं नाही.’ नगरपालिका त्या हॉटेलांना त्याबद्दल पैसे देते. ही कल्पना निघाली आलेन नावाच्या गावातून, आणि ते आमच्या वाटेवरच होतं. म्हणून पहिला थांबा आलेन! आपल्याकडे असं काही करता येईल का, याचा विचार आपण बायकांनीच करायला हवा. हो, तिकडे पाण्याचा फवारा नसतो. एक रिकामी बाटली पर्समध्ये ठेवा.

चौथी, जेवण. श्टुटगार्टच्या बाजूला ‘केझे-श्पेट्झले’ मिळतं, म्हणजे चीज घातलेल्या, शेवयांसारख्या जाड गोळ्या, वर तळलेला कांदा. आईंना आवडलं. पण मांस न खाणाऱ्यांनी जपून. तिथली बटाट्याची कोशिंबीर निर्दोष दिसते, पण पुष्कळदा मांसाच्या रश्श्यात भिजवलेली असते. विचारूनच घ्या. रविवारी दुकानं बंद, तेव्हा दूध-भाजी शनिवारीच भरा. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात. हॉटेलांनाही आठवड्याची सुट्टी असते. आम्ही सोमवारी रोथेनबुर्गला पोचलो, तर जवळची दोन्ही हॉटेलं बंद. स्वयंपाकघर असलेली जागा घेतली होती, म्हणून त्या रात्री मेतकूट-भात आणि पापड झाला.

पाचवी, कागदपत्रं. व्हिसासाठी निदान तीस हजार युरोंचा आरोग्य विमा लागतोच. वयस्कर माणसांचा विमा घेताना जुन्या आजारांचं काय लिहिलंय ते नीट वाचून घ्या. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट न्या. अडचणीच्या वेळी फिरवायचा नंबर ११२.

आता गावांबद्दल थोडं. रोथेनबुर्गची तटबंदी मार्च १९४५च्या बॉम्बहल्ल्यात बरीच पडली. ती पुन्हा उभारताना जगभरच्या लोकांनी पैसे दिले आणि त्यांची नावं तटाच्या दगडांवर कोरली आहेत. गावात सगळीकडे दगडी फरशांचे उंचसखल रस्ते, तेव्हा पायांत चांगले बूट हवेत. डिंकेल्सब्यूल त्याहून शांत, तिथे आईंनी बाकावर बसून तासभर नुसती घरं बघितली.

पण खरी मजा नॉर्डलिंगेनची. चर्चच्या मनोऱ्याला तिथे ‘डॅनियल’ म्हणतात, नव्वद मीटर उंच. पायऱ्या साडेतीनशे, आम्ही दोघी खालीच थांबलो. त्याचा दगड उल्केच्या आघातात तयार झालेला आहे आणि त्यात डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म हिरे आहेत! अपोलो मोहिमेतल्या अॅलन शेपर्ड, एडगर मिचेल यांना १९७०मध्ये दगड ओळखायला शिकवलं ते याच भागात. चंद्रावर जाऊन कोणता दगड उचलायचा हे कळायला हवं ना! तिथल्या संग्रहालयात चंद्रावरून आणलेला एक दगड ठेवलाय. आई त्याच्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. मग नातीला म्हणाल्या, “असाच एक दगड माझ्या गावी पडला होता बरं का.” लोणारची गोष्ट, लवणासुरासकट, त्या दिवशी नातीनं पहिल्यांदा ऐकली.

गावाची एक आख्यायिका आहे. १४४०मध्ये रात्री पहारेकऱ्यांनी फितुरी करून वेशीचं दार उघडं ठेवलं. त्या दाराला एक डुकरीण अंग घासत होती, ते एका बाईच्या लक्षात आलं. तिनं आरडाओरडा केला आणि गाव वाचलं. अजूनही मनोऱ्यावरचा रखवालदार रात्री दहा ते बारा दर अर्ध्या तासानं तीच हाक देतो. आईंनी ती जागून ऐकली.

बुधवारी परतताना मुलगा गाडीत बसायला सांगत होता. आईंनी बाटली उघडली आणि सावकाश, अख्खा पेलाभर पाणी प्यायल्या. मुलाला म्हणाल्या, “तासाभरानं थांबव रे.” तो म्हणाला, “हो आजी.” एवढंच.

मैत्रिणींनो, सहल जर्मनीची असो की गणपतीपुळ्याची, वहीत ठिकाणं लिहिण्याआधी घरातल्या सगळ्यात गप्प बसणाऱ्या माणसाला विचारा. चारचौघांत नको, भाजी निवडताना विचारा. आणि ते गप्प बसणारं माणूस तुम्ही स्वतः असाल, तर यंदा स्पष्ट सांगा, ‘मला थांबायचंय.’

येते मी. नमस्कार.