पाहुण्यांना दिवेलागणीनंतर बाहेर काढा

(रेडिओवरील भाषण)



विषय मिळालाय ‘उन्हाळ्यातले सण, खेळ आणि बाहेरगावचे पाहुणे’. वेळ मिळालाय दहा मिनिटं. एवढ्यात सगळं यादीवार सांगायला बसलो तर तिथी-वार वाचून दाखवण्यातच वेळ जाईल, आणि त्यासाठी कालनिर्णय तुमच्या स्वयंपाकघरात टांगलेलं आहेच. मला सांगायचंय ते एकच. उन्हाळ्यात छत्रपती संभाजीनगरला तुमच्याकडे कुणी आलं तर त्याला दुपारी उंबऱ्याबाहेर काढू नका. दिवेलागणीनंतर काढा, नाहीतर पहाटे उठवा.

मे महिन्यात दुपारी दीडला क्रांती चौकात काय दिसतं ते तुम्हाला ठाऊक आहे. उड्डाणपुलाच्या सावलीला रिक्षा लागलेल्या असतात, रिक्षावाले मागच्या सीटवर आडवे झालेले असतात, आणि एखादं पाहुणं कुटुंब डोळे बारीक करून शिवाजी महाराजांच्या पुतळ्याकडे बघत उभं असतं. पोराच्या डोक्याला टोपी नाही, आईच्या हातात कोमट पाण्याची अर्धी बाटली. यजमान, म्हणजे आपलाच माणूस, उत्साहाने सांगत असतो: चौथरा 31 फूट, पुतळा 21 फूट, एकूण 52. आकडे बरोबर आहेत. पण अहो दादा, फेब्रुवारी 2022 मध्ये त्या पुतळ्याचं अनावरणसुद्धा रात्री झालं होतं, तेही फेब्रुवारीत! तुम्ही मे महिन्यात दीड वाजता घेऊन आलात?

बरं, या चौकात सांगण्यासारखं थोडं का आहे? जुनी माणसं या जागेला काळा चबुतरा म्हणायची. 1857 च्या जूनमध्ये इथल्या छावणीतल्या हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाने बंड केलं. पुण्याकडून आलेल्या इंग्रजी फौजेने ते मोडलं. पकडलेल्या शिपायांपैकी कुणाला फाशी दिलं, कुणाला तोफेच्या तोंडी दिलं, ते इथेच. चौकाला क्रांतीचं नाव आहे ते त्यामुळे. ही हकिगत नीट सांगायची तर थांबून, सावकाश सांगावी लागते. डांबर तापलेलं असताना ती ऐकणार कोण? पोरगं ‘उसाचा रस, उसाचा रस’ करत असतं. रात्री नऊला घेऊन या, तेच पोरगं तुम्हाला उलट प्रश्न विचारील.

माझ्या मते उन्हाळ्यातलं हे शहर म्हणजे घरातलं विरजण. दूध कोमट करायचं, चमचाभर विरजण लावायचं आणि भांडं रात्रभर झाकून ठेवायचं. पहाटे उघडलं की गोड, कवडी दही. उन्हाळ्यात ते लवकर लागतं, हे कुठल्याही ताई सांगतील. पण तेच भांडं दुपारी एकपर्यंत ओट्यावर राहिलं तर आंबट होतं, कडेने पाणी सुटतं. आता ते आंबट दही तुम्ही पाहुण्याच्या ताटात वाढलंत, तर तो परत गेल्यावर काय सांगणार? ‘त्यांच्याकडचं दही आंबट असतं.’ दही आंबट नव्हतं हो, वाढायची वेळ चुकली. आपल्या गावाची पुण्या-मुंबईत जी कीर्ती आहे, ‘काय ते ऊन, काय तो धुरळा’, ती या दुपारी एकच्या वाढण्याने झालेली आहे.

आपल्या आधीच्या लोकांना हे पक्कं कळत होतं. हनुमान जयंती घ्या. चैत्री पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी हे शहर चालायला लागतं. क्रांती चौकाकडून बाबा पेट्रोल पंप, नगर नाका, छावणी, पडेगाव, मिटमिटा, मग शरणापूर फाटा, देवगिरीच्या पायथ्याचं दौलताबाद, पुढे घाट आणि खुलताबाद. पंचवीस-सव्वीस किलोमीटर, पायी, रात्रभर. कॉलेजची पोरं, नव्या सुना, पोलिसातून निवृत्त झालेले काका, कडेवर लेकरू घेतलेल्या आया. वाटेत मंडळांचे मांडव असतात. कुठे चहा, कुठे केळी, कुठे साबुदाण्याची खिचडी, कुठे ताक, आणि कुणी कुणाला ‘तुम्ही कुठले’ विचारत नाही. वाहतूक दुसरीकडे वळवतात, त्यामुळे एरवी ट्रकांनी भरलेला हा रस्ता त्या रात्री फक्त माणसांचा असतो. घाट चढताना पुढच्या वळणावरचे लोक दिसतात, मागच्या वळणावरचे दिसतात, आणि चांदणं इतकं लख्ख की बॅटरी लागत नाही.

आणि पोचायचं कुणाकडे? भद्रा मारुतीकडे. तो निजलेला आहे. प्रयागलाही असा निजलेला हनुमान आहे, पण आपल्याकडची गोष्ट वेगळी. भद्रावतीचा राजा भद्रसेन कुंडाकाठी बसून रामाची भजनं गायचा. ती ऐकता ऐकता मारुतीरायाला भावसमाधी लागली आणि तो तिथेच पहुडला, अशी कथा आहे. देव निजलेला आणि भक्त जागे! सूर्योदयाला जन्मोत्सव, नंतर प्रसाद, आणि आठ वाजायच्या आत परतीची बस. ऊन चढायच्या आत तुम्ही घरात आणि पाय मिठाच्या कोमट पाण्यात. मला सांगा, उन्हाळ्यात बाहेरच्या माणसाला दाखवावं असं याहून मोठं आपल्याकडे काय आहे? सण म्हणा, खेळ म्हणा, दोन्ही आहे. मॅरेथॉनला लोक पैसे भरून नाव नोंदवतात. इथे नोंदणी नाही, छातीवर नंबर नाही, आणि उशिरा पोचलात तरी कुणी विचारत नाही. एक चिडचिड मात्र सांगून टाकतो: पाण्याचे ते प्लास्टिकचे पाऊच पिऊन रस्त्यावर टाकू नका. दुसऱ्या दिवशी मिटमिट्यापर्यंतचा रस्ता बघवत नाही. घरून तांब्या-पेला घ्या, बाटली घ्या.

तर मुद्दा रात्रीचा. पुन्हा सांगतो, कारण कुणी आत्ताच रेडिओ लावला असेल. पाहुण्याला रात्री बाहेर काढा.

14 एप्रिलचंच बघा. बाबासाहेबांची जयंती 13 तारखेच्या मध्यरात्रीच सुरू होते, भडकल गेटला. मलिक अंबरने 1612 मध्ये बांधलेला तो दरवाजा, समोर बाबासाहेबांचा पुतळा, आणि बाराच्या ठोक्याला उसळलेली गर्दी. दुसऱ्या दिवशी मिरवणुका निघतात त्या ऊन उतरल्यावर, आणि क्रांती चौकापासून पुढे रात्री उशिरापर्यंत ढोल-ताशा चालतो. ज्या शहरात बाबासाहेबांनी 1950 मध्ये मिलिंद महाविद्यालय उभं केलं, त्या शहराची ही जयंती आहे. ती बाल्कनीतून बघू नका, खाली उतरून बघा. रमजान चांद्र वर्षाने फिरतो, पण 2018 साली तो मे-जूनमध्ये आला होता तेव्हा शहागंज आणि सिटी चौक रात्री दोनलाही जागे होते. पाहुण्याला तिथला नान-खलिया खाऊ घातला की पुढच्या वर्षी तो स्वतःहून येतो, बोलवावं लागत नाही.

आता कुणी म्हणेल, रामनवमीचं काय? रामजन्म दुपारी बाराचा, त्याला आपला इलाज नाही. पण तो देवळात सावलीत असतो आणि वर सुंठवडा मिळतो. महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन सरकारसुद्धा सकाळी आठला उरकून घेतं! सरकारला कळतं ते आपल्याला कळू नये?

पैठणची नाथषष्ठी, फाल्गुन वद्य षष्ठी, म्हणजे उन्हाळ्याची सुरुवात. 1599 मध्ये याच तिथीला संत एकनाथमहाराजांनी गोदावरीत देह ठेवला. लाखो वारकरी, दिंड्या, वाळवंटात राहुट्या. तिसऱ्या दिवशी काल्याची दहीहंडी फुटते, ती सूर्यास्ताच्या वेळी. मी विरजणाचं म्हणत होतो ना, तिथेही दही वेळेवरच निघतं.

वेरूळचं म्हणाल तर पाहुणे सकाळी अकराला लेण्यांत जाऊन तीनला भाजून परत येतात. वेरूळचा डोंगर पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी लेणी सावलीत असतात, दुपार कलली की ऊन तिरपं होऊन आत शिरतं. मार्चमध्ये दहाव्या लेण्यातल्या बुद्धमूर्तीवर किरणं पडतात तीही उतरत्या उन्हाचीच. एवढं ज्या कारागिरांनी साधलं, त्यांच्याकडे आपण दुपारच्या जेवणाआधी धावतपळत जाऊन येतो. चारला जा. मंगळवारी नको, मंगळवारी बंद असतात.

खेळांचं राहतंय. गावोगावच्या चैत्र-वैशाखातल्या जत्रांमध्ये कुस्त्यांचा फड लागतो तो उन्हं कलल्यावर. आधी बारक्या पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, मग बक्षिसाच्या रकमा चढत जातात आणि मानाची कुस्ती लागते तेव्हा दिवे लागलेले असतात. हलगी ऐकायला तरी न्या. शहरातल्या पाहुण्याने कुस्ती टीव्हीवर, गादीवरची पाहिलेली असते. मातीतली जवळून पाहिली की तो गप्प होतो. मैदानांवर दिवे लावून टेनिस बॉलचे सामने चालतात, तिथे पाहुण्याच्या पोरालाही क्षेत्ररक्षणाला उभं करतात. गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात सकाळी सहाला गेलात तर अर्धं शहर घाम गाळताना दिसेल.

शंकरपटाबद्दल, म्हणजे बैलांच्या शर्यतींबद्दलही बोलणार आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये बंदी घातली, 2021 च्या डिसेंबरात सशर्त परवानगी दिली, आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. ठीक. शेतकऱ्याचा जीव त्या जोडीत असतो, मला मान्य आहे. पण परवानगी न्यायालयाने दिली, उन्हाने दिलेली नाही. भर दुपारी बैल पळवायचा, आपण मात्र मांडवात बसून लिंबू सरबत प्यायचं, हे बरं नव्हे. पहाटे भरवा ना पट. बैल चांगला पळेल, बघणारेही…

हं, काचेपलीकडून बोट दाखवतायत, दोन मिनिटं.

बुद्ध पौर्णिमेचं सांगायचं राहिलंच. विद्यापीठामागच्या डोंगरातल्या बुद्ध लेण्यांकडे त्या दिवशी सकाळी लवकर निघालात तर पायऱ्यांवर… ते पुन्हा कधीतरी. आणि पाण्याचं. आपल्याकडे नळ किती दिवसांनी येतो ते मी कशाला सांगू, त्या धास्तीने पुष्कळ जण उन्हाळ्यात पाहुण्यांना ‘दिवाळीत या’ म्हणतात. असं करू नका. दिवाळीत विरजणसुद्धा नीट लागत नाही.

तेव्हा आज घरी गेल्यावर पंचांगात चैत्री पौर्णिमा बघा आणि पुण्या-मुंबईच्या भावाबहिणीला आजच फोन करा. म्हणावं, आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचा, जेवून झोप काढा, संध्याकाळी सहाला क्रांती चौकात भेटू. नवे बूट नकोत, पायाला बसलेली जुनी चप्पल घालून या.